वास्तव संख्यांना पाया देणारा अध्यापक : रिचर्ड डेडेकिंड

नववीच्या गणितात ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण आले की विद्यार्थ्यांच्या वहीत एक लहानसा नियम उतरतो : √२ × √३ = √६. फळ्यावर तो एका ओळीत मावतो. त्यावरची दहा-बारा उदाहरणे सोडवून झाली की तो अंगवळणी पडतो, आणि पुढे वर्गसमीकरणे, भूमिती, त्रिकोणमिती अशा सर्व वाटांवर तो आपली निमूटपणे सोबत करतो. गेल्या साठ वर्षांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो कधी ना कधी वापरला आहे. मात्र हा नियम खरा कशावरून, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक मुलाने विचारलाच, तर त्याचे पूर्ण उत्तर मानवजातीला १८७२ सालापर्यंत देता आलेले नव्हते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

ते उत्तर देणारे गृहस्थ म्हणजे जर्मन गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंड. हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र निवडण्यास दोन कारणे घडली. पहिले असे की, त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध वर्गात शिकवताना जाणवलेल्या अस्वस्थतेतून जन्मला. दुसरे असे की, तो ज्या पुस्तिकेतून जगापुढे आला, ती पुस्तिकाही एका महोत्सवाच्याच निमित्ताने छापली गेली होती.

घर आणि शिक्षण

आजच्या जर्मनीच्या उत्तर भागातील ब्राउनश्वाइग या नगरात ६ ऑक्टोबर १८३१ रोजी डेडेकिंड यांचा जन्म झाला. युलियुस विल्हेल्म रिचर्ड असे त्यांचे पूर्ण नाव. त्यांपैकी पहिली दोन नावे त्यांनी मोठेपणी वापरली नाहीत. चार भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील कायद्याचे जाणकार होते आणि गावातल्याच ‘कॉलेजियम कॅरोलिनम’ या विद्यालयात प्राध्यापक व प्रशासकीय अधिकारी म्हणून काम पाहत. आईदेखील त्याच संस्थेतील एका प्राध्यापकांची कन्या. अध्ययन-अध्यापन हा त्या घराचा रोजचा श्वास होता. गणिताच्या इतिहासातील एक अत्युच्च शिखर मानले जाणारे गाउस हेही याच गावचे. त्यांचा जन्म तेथे १७७७ साली झाला आणि ते याच विद्यालयात शिकले.

सातव्या वर्षी रिचर्ड गावातील शाळेत जाऊ लागले. आरंभी त्यांचा ओढा गणिताकडे नव्हता. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय त्यांना अधिक प्रिय होते. पण भौतिकशास्त्राचे धडे गिरवताना एक गोष्ट त्यांच्या मनाला खटकू लागली. एका विधानावरून दुसऱ्या विधानावर जाताना मधली पायरी अनेकदा गाळली जाते, आणि ती पायरी कोठे गेली याची फारशी चौकशी कोणी करीत नाही, असे त्यांना वाटू लागले. ज्या विषयात पायऱ्या गाळता येत नाहीत त्या विषयाकडे, म्हणजे गणिताकडे, ते वळले. पुढील आयुष्यात त्यांनी जे काही केले त्याचे बीज या शालेय वयातील खटकण्यात आहे.

१८४८ मध्ये कॉलेजियम कॅरोलिनममध्ये आणि १८५० मध्ये गटिंगेन विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. तेथे गाउस तेव्हा उतारवयात होते. त्यांची किमान वर्ग पद्धतीवरील व्याख्याने डेडेकिंड यांनी ऐकली आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांची आठवण ते आदराने काढीत. १८५२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी गाउस यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. ते गाउस यांचे शेवटचे डॉक्टरेटचे विद्यार्थी ठरले.

पदवी हाती आली, तरी आपले ज्ञान अपुरे आहे अशी त्यांची भावना होती. पुढील दोन वर्षे त्यांनी स्वतःच्या उणिवा भरून काढण्यात घालवली आणि १८५४ मध्ये विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळवला. १८५५ मध्ये गाउस निवर्तले आणि त्यांच्या जागी डिरिक्ले आले. डेडेकिंड त्या वेळी स्वतः अधिव्याख्याते होते; तरीही ते डिरिक्ले यांच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसत. मित्र रीमान यांची व्याख्यानेही ते त्याच वृत्तीने ऐकत. याच काळात त्यांनी गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाच्या समीकरणविषयक सिद्धान्तावर व्याख्याने दिली. विद्यापीठाच्या पातळीवर हा विषय बहुधा प्रथमच शिकवला जात होता आणि समोर श्रोते अगदी मोजके होते. त्याने शिकवणाऱ्याच्या तयारीत काही फरक पडला नाही.

झुरिचमधील वर्ग

१८५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. समोर बहुतेक भावी अभियंते होते आणि विषय होता कलनशास्त्राचा प्रारंभ. सत्तावीस वर्षांचे डेडेकिंड वर्गात उभे राहिले, आणि शाळेतले ते जुने खटकणे पुन्हा जागे झाले.

अडचण अशी होती. एखादी राशी सतत वाढत आहे, पण एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही; तर ती राशी कोणत्या तरी एका निश्चित संख्येच्या हवी तितकी जवळ जाते, हे विधान कलनशास्त्रात पदोपदी लागते. ते विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी शिक्षक फळ्यावर एक रेघ काढतात, तिच्यावर पुढे सरकणारे बिंदू दाखवतात, आणि मुलांच्या माना डोलतात. डेडेकिंड यांनीही तेच केले. शिकवण्याची सोय म्हणून चित्राचा आधार घेण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हते. वेळ वाचवायचा असेल तर तो जवळजवळ अपरिहार्यच आहे, असे त्यांचे मत होते. परंतु चित्र पटले म्हणजे सिद्धता झाली, असे मानण्यास त्यांचे मन तयार होईना. रेघेवर बिंदू आहे हे डोळ्यांना दिसते. पण त्या जागी संख्या आहे हे कोणी दाखवले?

ही शंका क्षुल्लक नव्हती. एक एकक बाजू असलेला चौरस घ्या आणि त्याचा कर्ण संख्यारेषेवर शून्यापासून मांडा. कर्णाचे टोक जेथे पडते तेथे कोणताही अपूर्णांक नाही. समजा तो अपूर्णांक अ/ब असता आणि त्याला अतिसंक्षिप्त रूप दिलेले असते, तर अ चा वर्ग ब च्या वर्गाच्या दुप्पट झाला असता. म्हणून अ सम. मग अ च्या वर्गाला चारने भाग जातो, म्हणून ब देखील सम. दोन्ही सम असतील, तर रूप अतिसंक्षिप्त कसले? हा विरोध ग्रीक गणितींना दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कळला होता. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांत या कर्णासाठी ५७७/४०८ हे मूल्य मिळते. त्याचा वर्ग २ पेक्षा केवळ १/१६६४६४ ने अधिक भरतो, इतके ते सूक्ष्म आहे. पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अशा मुळांना करणी म्हणून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम दिले. √२ आणि √८ यांची बेरीज √१८ होते, अशा प्रकारची उदाहरणे त्यात आहेत. नियम अचूक होते, उत्तरे बरोबर येत होती आणि व्यवहार चालत होता. मात्र करणी ही संख्या म्हणजे नेमकी कोणती वस्तू, आणि तिचा गुणाकार म्हणजे नेमके काय करणे, याची व्याख्या पूर्वेकडे वा पश्चिमेकडे कोणीच केलेली नव्हती.

अपूर्णांक रेषेवर अतिशय दाटीने बसलेले आहेत. कोणतेही दोन घेतले तरी त्यांच्या मधोमध तिसरा सापडतो. इतकी दाटी असूनही त्यांच्यामध्ये पोकळ्या आहेत, हे आश्चर्य आहे. रेषेला मात्र पोकळी नाही. मग रेषेत असे काय आहे की जे अपूर्णांकांत नाही? सातत्य या शब्दाने आपण जे सुचवतो, त्याचा नेमका अर्थ कोणता? झुरिचच्या त्या पहिल्याच सत्रात डेडेकिंड या प्रश्नाने पछाडले गेले.

२४ नोव्हेंबर १८५८

उत्तर सापडले तो दिवस त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे : २४ नोव्हेंबर १८५८. आठवड्याच्या आतच त्यांनी ती कल्पना ड्युरेज या आपल्या मित्राला समजावून सांगितली.

कल्पना अशी आहे. रेषेवर एक बिंदू घेतला की रेषेचे दोन भाग पडतात. डावीकडचा प्रत्येक बिंदू उजवीकडच्या प्रत्येक बिंदूच्या आधी येतो. हे कोणालाही मान्य होईल. डेडेकिंड यांनी हेच वाक्य उलट बाजूने वाचले. रेषेचे असे दोन भाग कोणत्याही रीतीने पाडले, तरी ते पाडणारा एक आणि एकच बिंदू तेथे असतो. सातत्य म्हणतात ते यालाच. इतक्या साध्या गोष्टीत हे रहस्य दडलेले असावे याने अनेक वाचकांची निराशा होईल, याची त्यांना पुरेपूर कल्पना होती.

आता हीच कसोटी अपूर्णांकांना, म्हणजे परिमेय संख्यांना लावून पाहू. सर्व परिमेय संख्यांचे दोन गट करावयाचे. डाव्या गटातील प्रत्येक संख्या उजव्या गटातील प्रत्येक संख्येपेक्षा लहान असली पाहिजे. या विभागणीला डेडेकिंड यांनी छेद म्हटले. आपण अपूर्णांकाच्या खालच्या अंकाला छेद म्हणतो, तो हा नव्हे. येथे छेद म्हणजे कापणे. डाव्या गटात सर्व ऋण संख्या, शून्य आणि ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे अशा धन संख्या ठेवा. उजव्या गटात ज्यांचा वर्ग २ पेक्षा अधिक आहे अशा धन संख्या ठेवा. १.४, १.४१, १.४१४ या डावीकडे जातील, १.५, १.४२, १.४१५ या उजवीकडे. एकही परिमेय संख्या बाहेर उरत नाही, कारण वर्ग बरोबर २ भरेल अशी परिमेय संख्याच नाही.

या डाव्या गटातील सर्वांत मोठी संख्या कोणती? ती नाहीच. डेडेकिंड यांनी एक सूत्र दिले : डाव्या गटातील कोणतीही धन संख्या क्ष घ्या, तिला (क्ष² + ६) ने गुणा आणि (३क्ष² + २) ने भागा. येणारी संख्या क्ष पेक्षा मोठी असते, तरीही डाव्याच गटात राहते. १ पासून आरंभ केला तर ७/५ मिळते. ७/५ वरून १३९३/९८५ मिळते, आणि तिचा वर्ग २ पेक्षा केवळ १/९७०२२५ ने कमी असतो. वहीपेन घेऊन हा हिशोब कोणीही पडताळू शकेल. याच सूत्राने उजव्या गटात सर्वांत लहान संख्या नसल्याचेही दिसते. म्हणजे दोन्ही गट एकमेकांच्या हवे तितके जवळ येतात, परंतु सीमेवर कोणीच उभे नाही.

येथे डेडेकिंड यांनी निर्णायक पाऊल टाकले. जेथे सीमेवर परिमेय संख्या नाही, तेथे तो छेद स्वतःच एक नवी संख्या निश्चित करतो, असे त्यांनी ठरवले. वर सांगितलेल्या छेदाने निश्चित झालेली संख्या म्हणजेच √२. परिमेय संख्या आणि अशा रीतीने निर्माण झालेल्या अपरिमेय संख्या मिळून वास्तव संख्यांचा समूह होतो, आणि त्यात एकही पोकळी उरत नाही. चित्राचा आधार आता लागत नाही. सारे काही परिमेय संख्यांवर, आणि अखेरीस १, २, ३ या मोजण्याच्या संख्यांवर उभे राहते. या संख्यांना ‘वास्तव’ हे नाव सतराव्या शतकापासून चालत आलेले आहे. देकार्तने समीकरणांच्या काही मुळांना काल्पनिक म्हटले, तेव्हा उरलेल्यांना वास्तव म्हणणे ओघाने आले. डेडेकिंड यांच्या दृष्टीने मात्र साऱ्याच संख्या मानवी बुद्धीची स्वतंत्र निर्मिती होत्या.

महोत्सवी पुस्तिका

इतका मोलाचा विचार हाती असताना एखाद्याने तो तत्काळ प्रसिद्ध केला असता. डेडेकिंड यांनी तो चौदा वर्षे जवळ ठेवला. मांडणी अजून हवी तशी सुबक झालेली नाही, आणि विषयही फारसा फलदायी नाही, असे त्यांना वाटत होते. दरम्यान १८६२ मध्ये ते आपल्या जन्मगावी परतले. ज्या विद्यालयात ते शिकले होते, तेच आता पॉलिटेक्निक झाले होते, आणि तेथेच त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

१८७२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वडिलांच्या सेवेला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी वडिलांना काय अर्पण करावे, तर आपला हाच विचार, असे पुत्राने ठरवले. त्याच सुमारास हाइने आणि कँटर या गणितज्ञांचे त्याच विषयावरील निबंधही त्यांच्या हाती पडले. आता थांबण्याचे कारण नव्हते. ‘सातत्य आणि अपरिमेय संख्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाची ती जेमतेम तीसेक पानांची पुस्तिका वडिलांना अर्पण होऊन प्रसिद्ध झाली. अर्धशतक संस्थेची सेवा करणाऱ्या पित्याला त्याच संस्थेतील अध्यापक पुत्राने दिलेली ही भेट आज गणिताच्या अभिजात ग्रंथांत गणली जाते.

या पुस्तिकेत छेदांची बेरीज कशी करावी हे त्यांनी सविस्तर दाखवले आणि इतर क्रियाही त्याच रीतीने करता येतात असे स्पष्ट केले. मग ते त्या लहानशा नियमाकडे वळले. √२ × √३ = √६ यांसारखी विधाने आपल्या माहितीप्रमाणे आजवर कोणी खऱ्या अर्थाने सिद्ध केलेली नाहीत, असे त्यांनी निर्भीडपणे नमूद केले. आपण सहज म्हणू की √२ × √३ चा वर्ग करा, २ × ३ येतील, म्हणून ते √६. पण असा वर्ग करताना आपण चार गुणकांची अदलाबदल करून √२ शेजारी √२ आणि √३ शेजारी √३ आणून ठेवतो. गुणकांचा क्रम बदलला तरी गुणाकार तोच राहतो, हे अपूर्णांकांच्या बाबतीत सिद्ध झालेले होते. ज्यांची व्याख्याच झालेली नाही अशा संख्यांच्या बाबतीत ते कसे सिद्ध होणार? छेदांनी ती व्याख्या पुरवली. क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण हे नियम परिमेय संख्यांकडून वास्तव संख्यांकडे रीतसर आले, आणि शालेय बीजगणिताच्या पायाखालची जमीन पक्की झाली.

यावर आक्षेप आलेच. लिपशिट्झ या नामवंत गणितज्ञाने १८७६ मध्ये पत्रव्यवहारात असे सुचवले की यात नवे काही नाही, हे सारे युक्लिडच्या भूमितीत आलेलेच आहे. युक्लिडच्या ग्रंथातील प्रमाणसिद्धान्ताशी आपल्या विचाराचे नाते आहे, हे डेडेकिंड यांना मान्य होते. मात्र रेषेला पोकळी नसते हे गृहीतक युक्लिडने कोठेही मांडलेले नाही, आणि पोकळ्या असलेल्या अवकाशातही त्याची सर्व प्रमेये तशीच टिकून राहतील, असे त्यांनी शांतपणे दाखवून दिले. बर्लिनचे क्रोनेकर यांना तर अपरिमेय संख्यांची ही सारी उभारणीच अमान्य होती. डेडेकिंड कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी आपले म्हणणे नीट मांडले आणि ते कामाला लागले.

पालकांच्या मनात येथे एक रास्त प्रश्न येईल. याआधीही पूल बांधले जात होते, घरे उभी राहत होती. मग या काटेकोरपणाचा उपयोग काय? सुताराला √२ ऐवजी १.४१४ चालते, हे खरे आहे. पण बीजगणिताला ते चालत नाही. क्ष² − २क्ष − १ = ० या समीकरणाची मुळे १ + √२ आणि १ − √२ अशी आहेत; त्यांचा गुणाकार बरोबर −१ येतो. √२ च्या जागी १.४१४ लिहिले तर तो −०.९९९३९६ येतो आणि मुळे व सहगुणक यांच्यातील नाते तुटते. आणखी एक उदाहरण पाहा. क्ष² − २ चा आलेख क्ष-अक्षाच्या खालून वर येतो, तेव्हा तो अक्षाला कोठेतरी छेदतो असे आपण धरून चालतो. जगात केवळ परिमेय संख्याच असत्या तर हा आलेख अक्षाला स्पर्शही न करता पोकळीतून पलीकडे निसटला असता. उत्तर अस्तित्वात आहे, म्हणूनच ते शोधण्याला अर्थ आहे. हे अस्तित्वाचे आश्वासन वास्तव संख्या देतात.

शांत आयुष्याची उत्तरार्धातील फळे

ब्राउनश्वाइगमध्ये डेडेकिंड यांनी उर्वरित आयुष्य व्यतीत केले. मोठ्या विद्यापीठाचे आमंत्रण येऊनही ते गेले नाहीत. १८८१ च्या सुमारास हाल येथे त्यांनी यावे म्हणून कँटर यांनी खटपट केली, ती त्यांनी नम्रपणे नाकारली. त्यांनी विवाह केला नाही. बहीण युली, ज्या कादंबरीकार होत्या, आणि ते एकत्र राहत. चेलो आणि पियानो ही वाद्ये ते उत्तम वाजवीत. १८७२ ते १८७५ या काळात पॉलिटेक्निकच्या संचालकपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

गुरुजनांचे आणि मित्रांचे ऋण त्यांनी ज्या निष्ठेने फेडले, तो त्यांच्या चरित्राचा हृद्य भाग आहे. डिरिक्ले १८५९ मध्ये वारले. त्यांची संख्यासिद्धान्तावरील व्याख्याने डेडेकिंड यांनी १८६३ मध्ये संपादित केली. ज्यांच्या पायाशी बसून ऐकले, त्यांचेच शब्द पुढील पिढ्यांसाठी त्यांनी जपले. त्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांना त्यांनी जी परिशिष्टे जोडली, त्यांतून ‘आयडियल’ या संकल्पनेचा जन्म झाला आणि आधुनिक बीजगणिताचे एक दालन उघडले. रीमान १८६६ मध्ये अकाली गेले. त्यांचे समग्र लेखन हाइन्रिश वेबर यांच्यासह डेडेकिंड यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले आणि मित्राचे चरित्रही लिहिले.

१८७२ मध्येच स्वित्झर्लंडमधील सुट्टीत त्यांची कँटर यांच्याशी गाठ पडली आणि दीर्घ पत्रमैत्री सुरू झाली. अनंताच्या प्रांतात कँटर ज्या धाडसी कल्पना मांडत होते, त्या समजून घेणारे आणि त्यांतील उणिवा स्नेहाने दाखवणारे वाचक फारच थोडे होते. डेडेकिंड त्यांपैकी प्रमुख. १८८८ मध्ये त्यांची दुसरी पुस्तिका निघाली. १, २, ३ या संख्या तरी म्हणजे काय, याचा त्यात मुळापासून विचार आहे. जो संच आपल्याच एका भागाशी एकास एक जोडता येतो तो अनंत, अशी व्याख्या त्यात आढळते. सर्व नैसर्गिक संख्या आणि केवळ सम संख्या यांची १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशी जोडी लावता येते, हे तिचे सोपे उदाहरण. पहिली पुस्तिका वडिलांना अर्पण केलेली होती. ही त्यांनी बहीण युली आणि भाऊ आडोल्फ यांना अर्पण केली.

१८९४ मध्ये ते निवृत्त झाले, तरी अधूनमधून व्याख्याने देत राहिले. गटिंगेन, बर्लिन आणि पॅरिस येथील विद्वत्सभांनी त्यांचा सन्मान केला. ते इतके शांतपणे जगत की गणितज्ञांच्या एका दिनदर्शिकेत त्यांचे निधन ४ सप्टेंबर १८९९ रोजी झाल्याचे छापून आले. तारीख कदाचित खरी ठरेलही, परंतु साल निश्चितच चुकले आहे, कारण तो दिवस आपण मित्रवर्य कँटर यांच्याशी उत्तम गप्पा मारण्यात घालवला, असे त्यांनी संपादकांना मिस्कीलपणे कळवल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९१४ मध्ये युली गेल्या. पहिले महायुद्ध धुमसत असताना, १२ फेब्रुवारी १९१६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी डेडेकिंड यांनी जन्मगावीच देह ठेवला. त्यांच्या समग्र लेखनाच्या संपादनात पुढे एमी नोएथर या थोर विदुषीने भाग घेतला. आपल्या कार्याचे मूळ डेडेकिंड यांच्यापाशी आहे, असे त्या आपल्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगत.

आपल्यासाठी

महाराष्ट्रापासून दूर राहून मराठीतून शिकवणाऱ्या आपल्या शाळेला या चरित्रात आपलेसे वाटावे असे पुष्कळ आहे. डेडेकिंड यांनी ज्या संस्थेत शिक्षण घेतले तिथेच तीन दशकांहून अधिक काळ शिकवले, आणि मोठ्या केंद्रापासून दूर राहूनही केंद्रातील कोणाच्याही तोडीचे काम केले. त्यांच्या शोधाला प्रयोगशाळा लागली नाही, निधी लागला नाही. फळा, खडू आणि आपण जे सांगतो आहोत ते खरोखर सिद्ध झाले आहे का, हा स्वतःला विचारलेला प्रश्न एवढेच भांडवल होते. वर्गातील साऱ्या माना डोलत असताना तो प्रश्न बाजूस सारणे सोपे होते. त्यांनी तो सोडला नाही, आणि उत्तर मिळाल्यावरही ते पूर्ण तावूनसुलाखून निघेपर्यंत चौदा वर्षे धीर धरला.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज स्वतः पालक झाले आहेत. एखाद्या संध्याकाळी गृहपाठ करता करता आपला मुलगा किंवा मुलगी √२ × √३ = √६ असेच का, म्हणून विचारील. पुस्तकात दिले आहे, पाठ कर, असे उत्तर त्या वेळी कृपया देऊ नये. तो प्रश्न भास्कराचार्यांच्या करणींइतका जुना आहे आणि त्याचे उत्तर झुरिचमधील एका तरुण अध्यापकाला नोव्हेंबरच्या एका दिवशी सापडले, एवढे जरी त्या बालकाला सांगितले, तरी त्याला कळेल की त्याचा प्रश्न योग्य आहे. मग शेजारी बसून १, ७/५, १३९३/९८५ ही पायरी-पायरीची वाट त्याच्यासह चालून पाहावी. पुढच्या पायरीचा हिशोब करण्याची इच्छा त्याला झाली, तर तो त्याचा त्यालाच करू द्यावा.